डबी दहा डॉलरची, पुढची तेराची: काडतूस टंचाईत सापडलेल्या एका लहान दुकानाचं प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतल्या एका लहान बंदूक-दुकानाचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि दुकानाचे आकडे गोल केले आहेत. काळ साधारण २०२० ते २०२३ चा. मी या दुकानाचे हिशेब बघते. बंदुकीची मला स्वतःला आवड नाही, पण चार वर्षं एकाच वस्तूची खरेदी-विक्री बिलाबिलाने डोळ्यांखालून गेली की तिच्यातलं बरंच कळायला लागतं. पुढे एक-दोन ठिकाणी माझा सल्लाही चुकला आहे, तोही लिहिला आहे.

पार्श्वभूमी

दुकान मध्य-पश्चिम भागातल्या एका छोट्या शहराबाहेर, महामार्गालगत आहे. पुढे विक्री, मागे नेमबाजीची सहा लेनची बंदिस्त रेंज. मालक साठीच्या पुढचे, पूर्वी कारखान्यात टूलमेकर होते. त्यांच्याबरोबर त्यांची भाची. गिऱ्हाईक, रेंज आणि बंदुकांची दुरुस्ती मालकांकडे. खरेदी, संगणक आणि वितरकांशी फोनाफोनी भाचीकडे.

गिऱ्हाईक बहुतेक हौशी. गुरुवारी संध्याकाळी पिस्तूल लीग, त्यात बावीस जण. शनिवारी सकाळी शाळकरी मुलांचा .२२ रायफलचा (म्हणजे लहान काडतुसाच्या रायफलचा) गट, बारा मुलं. बाकी शिकारी, निवृत्त लोक, आणि शनिवार-रविवारी बंदूक भाड्याने घेऊन तासभर नेम धरून बघणारी जोडपी.

या धंद्यात पैसा कुठे आहे हे आधी सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर फिरतात. २०१९ मध्ये नाइन एमएमची (म्हणजे पिस्तुलाच्या नेहमीच्या मापाची) पन्नास काडतुसांची साधी डबी या दुकानाला ८ डॉलर ६० सेंटला पडायची आणि १० डॉलर ४९ सेंटला विकली जायची. म्हणजे डबीमागे १ डॉलर ८९ सेंट, त्यातून कार्ड कंपनीचा वाटा जायचा. नव्या बंदुकीवरही फार सुटत नाही. सुटतं ते रेंजवर: लेनचे तासाला १८ डॉलर आणि भाड्याच्या पिस्तुलाचे १२. त्या तासात माणूस दोन डब्या संपवतो. काडतूस हा इथे चहाच्या टपरीवरच्या दुधासारखा माल, त्यावर कमाई होत नाही आणि त्याच्यावाचून दुकान चालत नाही.

मालकांच्या मनात एक जुनी जखम होती. २०१२ च्या डिसेंबरात सँडी हूक शाळेत गोळीबार झाला, कडक कायदे येणार अशी हवा पसरली आणि लोकांनी दुकानं रिकामी केली. .२२ ची साधी काडतुसं पुढे दीड-दोन वर्षं धड मिळत नव्हती. तेव्हा त्यांच्याकडे माल नव्हता. मग २०१६ ची निवडणूक आली. हिलरी क्लिंटन जिंकणार आणि पुन्हा झुंबड उडणार, असा सगळ्या व्यवसायाचाच हिशेब होता. या वेळी मालकांनी कर्ज काढून तळघर भरलं. निवडून आले ट्रम्प. कायद्यांची भीती गेली, मागणी बसली, भाव पडले. या पडझडीला धंद्यात ‘ट्रम्प स्लम्प’ असं नावच पडलं. तळघर रिकामं व्हायला जवळजवळ दीड वर्ष लागलं.

तेव्हापासून मालकांनी कानाला खडा लावला, सहा आठवड्यांपेक्षा जास्त साठा करायचा नाही. फेब्रुवारी २०२० मध्येही तेवढाच होता.

अडचण

मार्च २०२० च्या मध्यावर कोविडच्या टाळेबंदीची चाहूल लागली आणि सहा आठवड्यांचा साठा नऊ दिवसांत संपला. मालक सांगतात की त्या दिवसांत दारात उभ्या असलेल्यांपैकी निम्मे चेहरे त्यांनी आधी कधी पाहिलेच नव्हते.

देशभर तेच चाललं होतं. बंदूक घेताना एफबीआयच्या यंत्रणेतून जी पार्श्वभूमी-तपासणी होते, तिचा एकट्या मार्च २०२० चा आकडा सुमारे ३७ लाख होता आणि पूर्ण २०२० चा जवळपास ३ कोटी ९७ लाख. तपासणी म्हणजे विक्री नव्हे, एकाच माणसाची अनेकदाही होते. पण याआधी कुठल्याच वर्षी इतकी झाली नव्हती. त्या वर्षी पहिल्यांदाच बंदूक घेणाऱ्यांची संख्या उद्योगाच्या संघटनेने ८० लाखांच्या वर धरली होती. त्यातल्या प्रत्येकाने निघताना फक्त दोन डब्या उचलल्या, तरी गुणाकार करून बघा.

पुरवठा नेमका तेव्हाच लंगडत होता. रेमिंग्टन कंपनीने २०१८ नंतर जुलै २०२० मध्ये दुसऱ्यांदा दिवाळखोरीचा अर्ज केला. आर्कान्सामधल्या लोनोक इथला तिचा काडतूस कारखाना व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने ८ कोटी १४ लाख डॉलरना घेतला. तो पूर्ववत व्हायला वेळ लागला. फेडरल आणि सीसीआय हे काडतुसांचे ब्रँडही तेव्हा त्याच व्हिस्टाचे होते. मिसूरीतला लेक सिटीचा सरकारी कारखाना १ ऑक्टोबर २०२० ला नॉर्थ्रॉप ग्रुमन कंपनीकडून विंचेस्टर कंपनीकडे चालवायला गेला.

खरी अडचण प्रायमरची होती. काडतुसाच्या बुडाशी बसणारी, आघाताने पेटणारी ही छोटी टोपी. सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन हे चारच ब्रँड तेव्हा अमेरिकेत ती मोठ्या प्रमाणावर बनवत होते. पितळ आणि शिसं दुसरीकडून आणता येतं, प्रायमरचा कारखाना मात्र सहा महिन्यांत उभा राहत नाही. कंपन्यांनी आपले प्रायमर आधी स्वतःच्या तयार काडतुसांना वापरले, सुट्या विक्रीला उरले नाहीत.

तांबं मे २०२१ मध्ये लंडनच्या बाजारात टनाला १०,००० डॉलरच्या वर, विक्रमी भावाला गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी सरकारने रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोग प्रकरणी रशियावर निर्बंध लावले आणि रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने बंद केले. तुला, बर्नाउल या ब्रँडची, पोलादी पुंगळीची (पुंगळी म्हणजे काडतुसाचं कवच) स्वस्त काडतुसं हा हौशी माणसाचा शेवटचा आधार होता, तोही हळूहळू सुटत गेला.

दुकानापुरतं सांगायचं तर २०२१ च्या सुरुवातीला नेहमीच्या वितरकाकडून नाइन एमएमची डबी १३ डॉलर ५० सेंटला मिळायची, पण पूर्वी मागू तेवढी मिळे त्या ठिकाणी आता ठरवून दिलेला कोटा यायचा, आठवड्याला दोन-तीन पेट्या. पेटी म्हणजे वीस डब्या, हजार काडतुसं. त्यातही काही वितरक आडून अट घालायचे: एक पेटी हवी असेल तर गोदामात पडून राहिलेली चार होल्स्टर (पिस्तुलाची म्यानं) आणि एक दुर्बीणही उचला. बाहेर, उघड्या बाजारात तीच डबी ३५ ते ४० डॉलरला विकली जात होती.

पहिले तीन आठवडे

मालकांनी पहिल्या तीन आठवड्यांत भाव बदललाच नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं, मी हा माल साडेआठला घेतला आहे, तो साडेदहालाच विकणार; लोकांच्या घाबरण्यावर मला पैसे करायचे नाहीत. भाची कुरकुरली, पण बोलली नाही.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी मी बिलं घेऊन बसले. त्या तीन आठवड्यांत नाइन एमएमच्या २४० डब्या गेल्या होत्या, १०.४९ ने २,५१७ डॉलर. वितरकाचं नवं बिल डबीला १३.२० चं होतं. २,५१७ भागिले १३.२०, येतात १९०. म्हणजे २४० डब्या विकून आलेल्या सगळ्या पैशांत, नफा धरूनसुद्धा, १९० डब्याच फळीवर परत येणार होत्या. वहीत नफा दिसत होता, फळीवर पन्नास डब्या कमी.

हे कागदावर लिहून दाखवलं तेव्हा मालक बराच वेळ गप्प बसले. मग भाचीने फोन पुढे केला. त्यांच्याच दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेल्या सहा डब्या कुणीतरी विकायला काढल्या होत्या, दुप्पट भावाने. चिठ्ठी काढायचे कष्टही घेतले नव्हते. मालकांना माझ्या भागाकारापेक्षा ती चिठ्ठी जास्त लागली.

समोर असलेले पर्याय

त्या दिवशी आणि पुढच्या काही आठवड्यांत बरंच बोलणं झालं.

बाजारभावाने विकायचं, हा पहिला पर्याय. मिळतील तेवढे घ्या. तेवढ्यापुरता सगळ्यात फायद्याचा, आणि मोठ्या काही विक्रेत्यांनी तो स्वीकारलाही. पण लहान गावात लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. लीगमधल्या एका जुन्या माणसाने मालकांना आधीच ऐकवलं होतं, “तू असं केलंस तर मी पुन्हा पाय ठेवणार नाही, आणि तुझ्याशी वीस वर्षांची ओळख आहे म्हणून आधी सांगतोय.”

दुसरा पर्याय जुन्याच भावाने विकत राहायचा. त्याचा भागाकार वर आला आहे.

तिसरा, पुढच्या डबीच्या खरेदीभावावर ठरलेला नफा लावायचा. हातातली डबी कितीलाही पडलेली असो, तिच्या जागी येणारी डबी जेवढ्याला पडेल त्यावर दोन डॉलर. किराणा दुकानदार, पेट्रोल पंपवाले हेच करतात, फक्त गिऱ्हाइकाला ते पटवणं कठीण.

चौथा पर्याय भाचीचा होता, आणि मला तो बराच वेळ आवडला होता: काडतुसं आपणच भरायची. रेंजवर रोज हजारो रिकाम्या पुंगळ्या पडतात. केंद्राचा काडतूस-उत्पादकाचा परवाना स्वस्त आहे, तीन वर्षांचे ३० डॉलर. पण परवान्याबरोबर उत्पादकाचा ११ टक्के केंद्रीय अबकारी करही गळ्यात येतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीव संवर्धनासाठी राखून ठेवलेला हा कर एरवी मोठ्या कंपन्या भरतात आणि तो भावात मुरलेला असतो. वर विम्याचा हप्ता. एखाद्या काडतुसात बंदुकीची दारू दुप्पट पडली आणि कुणाच्या हातात पिस्तूल फुटलं तर दुकान जाईल. आणि हे सगळं केलं तरी प्रायमर कुठून आणणार? पर्याय तिथेच मिटला.

घरी काडतुसं भरणाऱ्या गिऱ्हाइकांचीही हीच गत झाली. त्यांच्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला काउंटरवर हिशेब मांडून दाखवला होता. एक पौंड दारू म्हणजे ७,००० ग्रेन. नाइन एमएमला साडेचार-पाच ग्रेन लागतात, म्हणजे एका पौंडात चौदा-पंधराशे काडतुसं. २५ डॉलरचा पौंड धरला तर काडतुसामागे दीड-पावणेदोन सेंट. काडतुसाच्या टोकाची गोळी आठ सेंट. प्रायमर तीन. पुंगळी जुनीच, फुकट. झाले तेरा सेंट, दुकानातलं काडतूस एकवीसला. “आठ सेंटसाठी रात्री जागतो,” ते हसून म्हणाले. हा २०१९ चा हिशेब. २०२१ मध्ये प्रायमर नगाला दहा सेंटच्या वर गेला, तोही मिळाला तर. पहिल्या लाटेत ज्यांनी उत्साहाने भरायची यंत्रं घेतली, त्यांची यंत्रं प्रायमरवाचून धूळ खात पडली. .२२ वाल्यांना तर हा मार्गच नाही: त्या काडतुसाची पेटणारी दारू पुंगळीच्या कडेत भरलेली असते, एकदा आघात झाला की कड चेपते आणि पुंगळी पुन्हा वापरता येत नाही.

काय केलं

भावासाठी तिसरा पर्याय घेतला. काउंटरमागे वितरकाचं ताजं बिल लावलं, नाव झाकून, आणि खाली मालकांच्या हाताने लिहिलेलं, ‘यावर दोन डॉलर’. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत चांगली कल्पना, आणि ती माझी नव्हती. भाव तेराचा पंधरा, पंधराचा सतरा झाला तेव्हा लोक कुरकुरले, पण मालकांवर कुणी चिडलं नाही. बिलावर चिडले.

माणशी दिवसाला एक डबी, हा नियम त्याच आठवड्यात आला. तो फारसा टिकला नाही. एकाच घरातली चार माणसं चार वेळा यायची, आणि कुणाला ओळखायचं, कुणाला नाही, यात भाचीचा अर्धा दिवस जायचा.

ऑगस्ट २०२० मध्ये मोठा निर्णय झाला: नाइन एमएम काउंटरवरून घरी न्यायला मिळणार नाही, फक्त रेंजवर उडवायला. यामागचा हिशेब मला मांडावा लागला नाही, मालकांनी स्वतः मांडला. डबी काउंटरवरून गेली तर दोन डॉलर. तीच लेनवर गेली तर दोन डॉलर आणि लेनचं भाडं, कदाचित पिस्तुलाचंही. कोटाच आठवड्याला दोन-तीन पेट्यांचा असेल तर प्रत्येक डबी लेनवरच गेली पाहिजे. अंमलबजावणीही त्यांचीच. डबी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचीच नाही; काडतुसं प्लास्टिकच्या वाडग्यात ओतायची, शिल्लक राहिली तर वाडगा परत घ्यायचा आणि तेवढे पैसे वळते करायचे. रिकामं खोकं कचऱ्यात. सुटी, बिनडबीची काडतुसं कोण विकत घेणार? फेरविक्रीवाले आठवड्याभरात यायचे थांबले.

नवीन बंदूक घेणाऱ्याला मात्र दोन डब्या घरी न्यायची सवलत ठेवली. पिस्तूल विकायचं आणि काडतूस नाही म्हणायचं, हे मालकांना जमेना.

लीगने आपली स्पर्धा बदलली. दीडशे गोळ्यांची फेरी ऐंशीवर आणली, गुण वेगाऐवजी अचूकतेला. तरी बावीसचे नऊ झाले. जे गेले त्यातले काही महागाईने गेले, काही कोविडच्या भीतीने; कोण कशाने, ते वेगळं काढता येत नाही.

मुलांच्या गटाची गोष्ट मला २०२० च्या शेवटी साठा मोजताना कळली. तळघरात ताडपत्रीखाली .२२ चे पाचशेचे अठरा खोके सापडले, साठ्याच्या यादीत नसलेले. मार्चमध्येच मालकांनी बाजूला काढून ठेवले होते. मुलांना पूर्वी प्रत्येक शनिवारी पन्नास गोळ्या मिळायच्या, त्या वीसवर आणल्या होत्या. बाकीचा वेळ रिकाम्या रायफलीवर श्वास आणि चाप यांचा सराव. बारा मुलं, वीस गोळ्या, तीस शनिवार म्हणजे ७,२०० आणि साठा ९,००० चा. त्यांनी हे डोक्यात मोजलं होतं. मुलांना भाव जुनाच. हिशेबनीस म्हणून मी त्यांना यादीबाहेरच्या मालाबद्दल बोलले, आणि मग ते खोके यादीत वेगळ्या नावाने चढवले.

हिवाळ्यात, २०२१ च्या जानेवारीत, रेंजच बंद पडायची वेळ आली. वितरकाकडून दोन आठवडे काहीच आलं नाही. भाचीला दुसऱ्या राज्यातला एक व्यापारी सापडला, डबीला २७ डॉलर मागत होता. वीस डब्यांची पेटी ५४० ला, दहा पेट्या घेतल्या, ५,४०० डॉलर. फक्त लेनसाठी, २९ च्या भावाने. मला वाटलं होतं की लोक या भावाला फिरकणार नाहीत. शनिवारी सहाच्या सहा लेन भरलेल्या होत्या.

बॅकऑर्डरचा सापळा

इथपर्यंत दुकान सावरलं होतं. फटका बसला तो पुढे, आणि तो टंचाईचा नव्हता.

२०२० च्या शरदापासून भाची प्रत्येक वितरकाकडे मागणी नोंदवून ठेवत होती, माल येईल तेव्हा पाठवा म्हणून. यालाच बॅकऑर्डर म्हणतात. कोणाकडून कधी काय येईल सांगता येत नव्हतं, म्हणून एकच गरज चार ठिकाणी लिहायची. दुकानाला चाळीस पेट्या हव्या होत्या, नोंदवलेल्या मागण्या एकशे साठ पेट्यांच्या. आगाऊ पैसे द्यायचे नव्हते, त्यामुळे नोंदवण्यात काही जात नाही असं वाटायचं. देशभरातले दुकानदार हेच करत होते. कंपन्यांच्या डोंगराएवढ्या थकीत मागण्यांमध्ये खरी भूक किती आणि चार-चारदा लिहिलेली किती, हे कुणीच वेगळं केलं नव्हतं.

या मागण्यांच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: भाव माल रवाना होईल त्या दिवशीचा. म्हणजे मागणी तुमची, भाव त्यांचा.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२१ या तीन महिन्यांत बांध फुटावा तसा माल आला. नव्वद पेट्या, पेटीला ३३० डॉलर, एकूण २९,७०० डॉलर. बाकीच्या सत्तर भाचीने वेळेत रद्द केल्या; नव्वदपैकीही काही करता आल्या असत्या. तेव्हा तिने मला विचारलं होतं. मी म्हटलं, घ्या. डबी साडेसोळाला पडते, एकोणीस-वीसला जाते, दोन वर्षं लोक मालासाठी रडत आहेत, बँकेची पत मोकळी आहे आणि व्याज नगण्य. या प्रकरणातला माझा सर्वांत वाईट सल्ला तो. मी दोन वर्षांची विक्री बघत होते, पण त्या विक्रीला कोट्याचं बूच बसलेलं होतं. बूच निघाल्यावर किती मागणी उरेल याचा आकडा माझ्याकडे नव्हता, आणि तो नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. लोकांच्या घरी कपाटं भरलेली होती.

डिसेंबरअखेर नव्वदपैकी पस्तीस पेट्या गेल्या. पंचावन्न उरल्या, म्हणजे १८,१५० डॉलर तळघरात. २०२२ च्या उन्हाळ्यात मोठ्या दुकानांतून डबी १५ डॉलरला मिळू लागली. आणि मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, व्याजदर चढवायला घेतले, शून्याजवळून वर्षअखेरीस सव्वाचार-साडेचार टक्क्यांवर. दुकानाचं कर्ज बदलत्या दराचं होतं.

आता नियम काय होता? पुढच्या डबीच्या खरेदीभावावर दोन डॉलर. पुढची डबी वितरकाकडून १२.८० ला मिळत होती. नियमाप्रमाणे फळीवरचा भाव १४.८० व्हायला हवा होता. मालक म्हणाले, साडेसोळाला घेतलेली डबी चौदा-ऐंशीला कशी देऊ? भाव १८.५० वरच राहिला. काउंटरमागचं बिलही जुनंच राहिलं, ते कधी बदलायचं थांबलं ते मलाही कळलं नाही. लीगमधल्या एकाने जाता जाता विचारलं, “नवीन बिल नाही आलं का अजून?” तो खवचटपणा होता, आणि योग्य होता.

परिणाम

शेवटी भाव उतरवावाच लागला. मार्च २०२३ पर्यंत रखडत रखडत पंचावन्न पेट्या संपल्या, सरासरी २८५ डॉलरला. पेटीमागे पंचेचाळीसचा तोटा, एकूण २,४७५ डॉलर, वर व्याज. लहान दुकान यात बुडत नाही. पण ते पैसे अडकल्याने २०२२ च्या शिकारीच्या हंगामात रायफली कमी मागवल्या गेल्या, आणि तो तोटा कुठल्याच वहीत दिसत नाही.

टंचाईच्या काळात, म्हणजे २०२० आणि २०२१ मध्ये, दुकानाने २०१९ च्या तुलनेत डब्या बऱ्याच कमी विकल्या, पण रेंजचं उत्पन्न जवळपास टिकलं. वाडग्याच्या नियमाचं ते श्रेय. पुंगळ्यांनीही हातभार लावला. नाइन एमएमच्या शंभर-सव्वाशे पुंगळ्यांचा एक पौंड होतो, रोजच्या झाडलोटीत काही पौंड निघायचे आणि घरी भरणारे लोक ते रांग लावून न्यायचे, प्रायमर नसताना सुद्धा. आशेवर लोक काय काय साठवतात.

लीग सतरावर आली आहे. ऐंशी गोळ्यांची फेरी तशीच राहिली, आता ती लोकांना आवडते. नाइन एमएमचा भाव २०२३ नंतर बराच उतरला, पण दहा डॉलर एकोणपन्नास सेंट पुन्हा दिसले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या तीन आठवड्यांबद्दल मी मालकांना फार दोष देत नाही. जुन्या भावाने विकणं हा त्यांचा स्वभाव आहे आणि त्याच स्वभावाने मुलांचे अठरा खोके वाचवले. पण जुना भाव ओळखीच्यांसाठी आणि मुलांसाठी ठेवता आला असता. तो पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिल्यामुळे त्याचा फायदा फेरविक्रीवाल्यांनी उचलला. मर्यादा आधी आणि भाव नंतर, असा क्रम असता तर पन्नास डब्यांची तूट बरीच कमी झाली असती.

बॅकऑर्डरसाठी एक साधी वही पुरली असती: गरज एक, मागण्या चार, त्यातली पहिली पुरी झाली की उरलेल्या तीन त्याच दिवशी रद्द. भाचीकडे मागण्यांची यादी होती, पण ती वितरकवार. गरजवार नव्हती. चार वेगवेगळ्या पानांवर त्याच चाळीस पेट्या बसल्या होत्या आणि चारही पानं वेगवेगळी खरी वाटत होती.

आणि उतरतीचा भाव. यावर आमचं अजून एकमत नाही. माझं म्हणणं असं की चढताना ‘आधी कितीला घेतली ते विसरा’ हा नियम चालला, तर उतरताना तोच चालला पाहिजे. जुलै २०२२ मध्ये १४.८० ला पंचावन्न पेट्या दोन महिन्यांत गेल्या असत्या. पेटी २९६ ला, म्हणजे शेवटी मिळालेल्या २८५ पेक्षा वरच, आणि व्याज वाचून पैसे शिकारीच्या हंगामाआधी मोकळे. मालकांचं म्हणणं असं की त्या जुलैत भाव आणखी पडणार की फिरणार हे कुणालाच दिसत नव्हतं, आणि २०१६ चं तळघर त्यांनी पाहिलं आहे, मी कागदावर पाहिलं आहे. २०१६ ने त्यांना शिकवलं की साठा करू नये. त्याच २०१६ ने हेही शिकवायला हवं होतं की अडकलेला माल लवकर सोडावा. पहिला धडा त्यांनी नको तेवढा घेतला, दुसरा घेतलाच नाही. असं मी म्हणते. ते मान हलवतात, होकाराची की नकाराची ते कळत नाही.

सध्या भाची दर सोमवारी सकाळी वितरकांचे भाव बघते आणि फळीच्या कडेला पेन्सिलीने पुढच्या डबीचा भाव लिहिते, चढो वा उतरो. छापील चिठ्ठ्या बंद केल्या आहेत. मालक पेन्सिलीचे आकडे वाचायला चष्मा लागतो म्हणून कुरकुरतात. तळघरात ताडपत्रीखाली .२२ चे सहा खोके आहेत, या वेळी यादीत.